रशीद डॉक्टरांचा जिना

भोर तालुक्यातलं आधुनिक वैद्यकशास्त्र एका लाकडी जिन्यावर उभं होतं, हे विधान मी पूर्ण जबाबदारीने करतो. जिना मात्र वैद्यकशास्त्रासाठी बांधलेला नव्हता. बाजारपेठेतल्या त्या इमारतीत पूर्वी खाली भुसाराचं दुकान होतं आणि वर पोती ठेवत. पाठीवर पोतं घेतलेल्या हमालाने चढायचं, एवढ्याच हिशेबाने सुताराने तो ठोकला होता, आणि हमालाबद्दल त्याला फारसं प्रेम नसावं. पायऱ्या उभ्या आणि अरुंद. कठडा एकाच बाजूला, तोही वर पोचायच्या आत संपलेला. रशीद डॉक्टरांनी वरचा मजला दवाखान्यासाठी घेतला तेव्हा लोकांना वाटलं, भाडं कमी म्हणून घेतला असणार. पुढे दुकान बंद पडून खालचा गाळा रिकामा झाला, मालक तो द्यायलाही तयार होता, तरी डॉक्टर वरच राहिले. मग लोक म्हणाले, विक्षिप्त आहेत.

ते जिन्याकडे पाठ करून बसत. मी भोरच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवायला नुकताच आलो होतो आणि तापाने फणफणलो होतो. वर पोचून मी काही बोलणार, एवढ्यात पाठमोरी आकृती म्हणाली, "या. घशाचं आहे, छातीचं नाही. उगाच घाबरलात."

"तुम्ही मला पाहिलंसुद्धा नाही," मी म्हणालो.

"पाहायचं काय? बूट घालून वर आलात, म्हणजे बाहेरगावचे आणि नोकरदार. छाती भरलेला माणूस इतक्या ऐटीत जिना चढत नाही." मग त्यांनी खुर्ची वळवली. उंच, किडकिडीत माणूस, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. "मास्तर का? बसा. आ करा."

घसाच होता. त्या दिवसापासून ते मला मास्तर म्हणू लागले आणि मी संध्याकाळचा त्यांच्याकडे वर्तमानपत्र वाचायला जाऊ लागलो. त्यांचे वडील संस्थानाच्या काळात मोटार चालवायचे. डॉक्टर पुण्यात शिकले, तिथे राहिले असते तर त्यांच्या नावापुढे बरीच अक्षरं लागली असती. ती न लावता ते परत आले, आणि याबद्दल स्वतःला त्यागमूर्ती वगैरे समजत नसत. "पुण्यात मला जिना कुणी दिला असता? तिथे लिफ्ट," एवढंच म्हणायचे.

जिन्याची त्यांची उपपत्ती साधी होती. "तोंड खोटं बोलतं, मास्तर. नाडीसुद्धा डॉक्टरला बघून उडते. जिन्यात माणूस एकटा असतो." खाली वहाणा काढल्याचा आवाज आला की ते बोलणं थांबवत. कठडा धरला की नाही, पाय सारखे पडतात की एक ओढत येतो, मध्ये कुठे थांबला, थांबल्यावर खोकला की नुसताच उभा राहिला, हे सगळं ते पाठमोरे ऐकत. ज्याला खरंच चढवत नसे, त्याला बघायला ते खाली उतरत, आणि ते उतरू लागले की रांगेतले लोक आपोआप गप्प होत.

एक दुःख मात्र त्यांना कायम पोखरत असे. हृदयाचा, मेंदूचा, अडलेल्या बाळंतिणीचा पेशंट आला की जीप शोधायची आणि पुण्याला पाठवायचं. पुष्कळदा जीप संध्याकाळच्या आत परत येई, आणि ती लवकर परत येणं चांगलं नसे. "भोरचा माणूस आजाराने मरत नाही, मास्तर," ते म्हणायचे. "कापूरहोळला मरतो." आमचा रस्ता तिथे हमरस्त्याला मिळतो. पुणं तिथून पुढेही बरंच लांब आहे.

या दुःखाला त्या काळात एक चेहरा होता. सोना तिचं नाव. भाटघर धरणाच्या पाण्यापलीकडे, वेल्ह्याच्या हद्दीला लागून तिचं गाव. लहानपणी सांधे धरून ताप आला होता, त्याने हृदयाची झडप आक्रसली होती, आणि हे ती पहिल्या बाळंतपणाला आली तेव्हा डॉक्टरांना जिन्यावरून कळलं. "ऑपरेशन लागेल," त्यांनी सांगितलं. तिने मूल अंगावरचं तुटू दे म्हणून सांगितलं. मूल मोठं होत गेलं आणि सोना जिन्यात खालच्या खालच्या पायरीवर बसू लागली. बसल्या जागेवरून ती वर ओरडायची, "डाक्टर, ह्यो जिना तुमी दर खेपंला वाढवताय व्हय?" डॉक्टर हसत आणि हसताना त्यांच्या कपाळाला आठी पडे.

नवं शतक लागता लागता पुण्यातली एक संस्था भोरला आली. टेलिमेडिसिन हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. दवाखान्यात कॉम्प्युटर, कॅमेरा आणि टेलिफोनची खास लाईन बसणार, आणि पुण्यातले हृदयतज्ज्ञ पडद्यावरून इथल्या पेशंटला तपासणार. योग्य वाटेल त्याचं ऑपरेशन संस्था मोफत करणार. डॉक्टर त्या कल्पनेच्या अक्षरशः प्रेमात पडले. पुण्याला खेपा घातल्या, टेलिफोन ऑफिसात ठिय्या दिला, आणि सुटीच्या दिवशी गावोगाव फिरून सांगितलं, "मी काय, भोरचा डॉक्टर. आता माझ्याहून मोठा डॉक्टर तुम्हाला बघणार आहे. तो म्हणेल ते खरं."

मी शंका काढली. "डॉक्टर, तार ओढल्याने माणूस जवळ येतो का?"

"तुम्ही कविता शिकवता. तुम्हाला अंतर आवडतं," ते म्हणाले. "मला ते परवडत नाही."

यंत्र अर्थातच वर, त्यांच्या शेजारी बसणार होतं. पण उद्घाटनाला मंत्री येणार होते आणि मंत्र्यांच्या स्वीय सहायकाने जिना पाहून मान हलवली. साहेबांचे गुडघे. म्हणून खालचा गाळा रंगवून यंत्र तिथे बसवलं. "जिन्याने निदान अचूक केलं," डॉक्टर मला म्हणाले, पण पुढच्या बदलाचा अंदाज त्यांनाही आला नव्हता. यंत्रापुढे बसायला येणारा पेशंट आता रस्त्यावरून थेट खुर्चीत येणार होता.

उद्घाटन थाटात झालं. नारळ डॉक्टरांनी स्वतः आणला होता. मॉनिटरला हळदीकुंकू लागलं, त्यातलं थोडं आत गेलं आणि संस्थेच्या तंत्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. मंत्र्यांनी "पुणं आज भोरच्या दारात आलं" असं चार वेगवेगळ्या पद्धतींनी सांगितलं. मग पडदा उजळला, त्यावर तज्ज्ञ दिसले, त्यांचे ओठ आधी हलले आणि आवाज नंतर आला. मंत्री कॅमेऱ्यात वाकून म्हणाले, "जेवण झालं का?" थोड्या वेळाने तज्ज्ञ म्हणाले, "हो, झालं." भोर आणि पुणे यांच्यातला पहिला इलेक्ट्रॉनिक वैद्यकीय संवाद तो हा. टाळ्या पडल्या.

दर शनिवारी दुपारी आमची पाळी असे. मला शनिवारी सकाळची शाळा, त्यामुळे मी बहुतेकदा हजर. पहिल्याच शनिवारी दिसलं की लोक आजार घेऊन आले नव्हते, फोटो काढायला आले होते. पुरुष दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून. बायका ठेवणीतल्या लुगड्यात, तोंडाला पावडर लावून. भोरच्या बाजारात त्या महिन्यात पावडरीचा खप वाढला असावा. कावीळ झालेला एक गृहस्थ गॉगल लावून आला, तो काढायला लावताना बरीच समजूत घालावी लागली. आणि पडद्यावरच्या साहेबाने "काय होतंय?" असं विचारलं की प्रत्येकाचं उत्तर एकच: "बरं हाय."

हे बरं असणं आमच्याकडच्या माणसाला लहानपणापासून शिकवलेलं असतं. मोठ्या, परक्या माणसापुढे आपली दुखणी मांडायची नसतात. वर डॉक्टरांपुढे तोच माणूस तासभर कण्हे, कारण डॉक्टर घरचे. पुण्याच्या तज्ज्ञांना यातलं काही ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. ते वाईट नव्हते. सौम्य बोलत, वेळ पाळत, आणि दर शनिवारी निरनिराळ्या गावांचे कितीतरी चेहरे पडद्यावर बघत. समोर पावडर लावलेलं माणूस "बरं हाय" म्हणत असताना ते आणखी काय लिहिणार?

त्यातच संस्थेने नियम काढला. आधी रशीद डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन गेलेल्या माणसाला पुण्यात ओळखीचे डॉक्टर दाखल करून घेत. आता, भोरला यंत्र दिलेलं असल्यामुळे, पडद्यावर पसंत झाल्याशिवाय संस्थेच्या दवाखान्यात भोरचा पेशंट घेणार नव्हते.

सोना आली ती उन्हाळा संपत आला होता तेव्हा. नवरा बबन बरोबर. सकाळच्या लाँचने पाणी ओलांडून दोघं आली होती. लग्नातलं हिरवं लुगडं, आणि चेहऱ्यावर पावडरीचा असा थर की खालचा निळसर रंग शोधून सापडू नये.

"सोना, हे काय फासलंस?" डॉक्टर म्हणाले.

"सासू म्हनली, पुन्याच्या मानसाम्होरं भिकाऱ्यावानी जाऊ नगं."

"आधी तोंड धू. जा."

पण तेवढ्यात घंटी वाजली आणि आमची पाळी लागली. सोना डोक्यावर पदर ओढून खुर्चीत ताठ बसली.

"काय त्रास होतो, बाई?" तज्ज्ञांनी विचारलं.

"काय न्हाई, साहेब. बरं हाय."

"दम लागतो?"

"कामाला लागायचा तेवढा लागतो. समद्यांनाच लागतो."

"झोप लागते?"

"लागती की."

डॉक्टर तिच्या मागून पुढे वाकले. "सर, ती भिंतीला टेकून बसून झोपते. आडवी होऊ शकत नाही."

"पेशंटला बोलू द्या, डॉक्टर." तज्ज्ञांनी कागद पाहिले. दोष जुना आहे, पण आज प्रकृती स्थिर दिसते, असं ते म्हणाले.

डॉक्टरांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. असा विनवणीचा आवाज मी त्यांच्या तोंडून आधी ऐकला नव्हता. "सर, मी तिला जिना चढवून आणतो. तुम्ही फक्त बघा. एकच मिनिट."

"डॉक्टर, माझ्याकडे अजून दोन गावं आहेत."

"एकच मिनिट, सर." ते सोनाकडे वळले. "वर जा आणि तशीच खाली ये. थांबू नकोस."

ती उठली. पडद्यावर आता रिकामी खुर्ची दिसत होती. आम्ही पायऱ्या ऐकत होतो. काही पायऱ्या, मग थांबली. पुन्हा पायऱ्या, पुन्हा थांबली. बबन जमिनीकडे बघत होता. डॉक्टर छताकडे बोट करून कॅमेऱ्याला सांगत होते, "ऐकलंत, सर? थांबली. आता कठडा संपतो तिथे आहे. ऐकू येतंय का?" काही ऐकू येत नव्हतं. कॅमेऱ्याची आणि माइकची तार खुर्चीपुरतीच होती. तज्ज्ञांनी घड्याळ बघितलं, चहाचा कप उचलला, ठेवला.

सोना वर पोचली आणि सगळं शांत झालं.

"सोना! ये खाली!" डॉक्टर ओरडले.

"आले," वरून आवाज आला. ती आली नाही.

ती आली तेव्हा पुरेसा वेळ गेला होता. घाम टिपलेला होता, पदर नीट घेतलेला होता, ओल्या हाताने पावडर सारखी केलेली होती. ओठ घट्ट मिटून ती खुर्चीत बसली.

"बरं वाटतंय का, बाई?"

"व्हय, साहेब. बरं हाय."

तज्ज्ञ मायेनेच म्हणाले, "बघा, डॉक्टर. जिना चढून आल्या, धाप नाही. पावसाळा संपला की पुन्हा दाखवा." आणि पडदा निळा झाला. दुसऱ्या गावाची पाळी लागली होती.

पडदा निळा होताच सोनाने मिटलेले ओठ उघडले. भिंतीला हात लावून ती मोठमोठ्याने श्वास घेऊ लागली. गळ्याच्या शिरा उडताना मलासुद्धा दिसत होत्या.

"वर का थांबलीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"एवढ्या मोठ्या मानसाम्होरं... धापा टाकीत... कसं यायचं, डाक्टर? म्हनून बसले जरा."

डॉक्टरांनी तिला पाणी दिलं.

पुढचे काही दिवस ते पुण्याला फोन करत राहिले. संस्थेतल्या बाईंनी प्रत्येक वेळी अदबीने सांगितलं की पेशंट पावसाळ्यानंतरच्या यादीत आहे. शेवटी ते लाँचमध्ये बसून सोनाच्या गावाला गेले, मीही गेलो. "सरकारी दवाखान्यात नेऊ. मी बरोबर येतो," ते बबनला म्हणाले. बबन ओशाळला. लावणी तोंडावर आली होती, पण खरं कारण ते नव्हतं.

"पुन्याच्या डाक्टरनं बगितलंय की," तो म्हणाला. "बरी हाय म्हनला. तुमीच म्हनला व्हता, त्यो म्हनंल ते खरं."

सोना दारात उभी होती. ती म्हणाली, "डाक्टर, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई." आम्ही चहा घेतला.

आषाढात वारा सुटला आणि लाँच बंद झाली. सोनाला डोलीत घालून डोंगराच्या अंगाने फिरून आणत होते. डांबरी रस्ता लागायच्या आत ती गेली. कापूरहोळ तर फारच पुढे राहिलं.

ती बातमी आली त्या संध्याकाळी मी वर गेलो. डॉक्टर जिन्याकडे तोंड करून बसले होते. म्हणाले, "आपण यांना पाणी उकळून प्यायला शिकवलं, मास्तर. गोळ्या वेळेवर घ्यायला शिकवलं. मोठ्या माणसापुढे धापा टाकायला शिकवलं नाही."

मग त्यांनी ते शिकवायला घेतलं. शनिवारी खालच्या गाळ्याच्या दारात ते पाण्याची बादली आणि फडकं घेऊन उभे राहत आणि एकेकाचं तोंड पुसून आत सोडत. "आत गेलं की लाज सोडायची. दुखतंय तिथं हात ठेवायचा. रडू आलं तर रडायचं. बरं हाय म्हणालात तर मी गोळ्या देणार नाही." आमचे लोक आज्ञाधारक. डॉक्टरांचा शब्द त्यांनी इतका मनावर घेतला की महिन्याभरात आमच्या गाळ्यातून रडारड रस्त्यावर ऐकू येऊ लागली. खरूज झालेल्या माणसाने कॅमेऱ्यापुढे छाती पिटली. एका आजीबाईंनी पडद्यावरच्या तज्ज्ञांना "माज्या लेकरा, मला सोडव" अशी हाक मारली, आजीबाईंचा नुसता मोतीबिंदू पिकायचा होता. खरोखर छातीत कळ येणारा माणूस त्यांच्या मागे रांगेत गप्प बसून होता. आपल्याला एवढं जमणार नाही असं वाटून तो उठून घरी गेला.

पुण्याहून पत्र आलं. भोरचे पेशंट लक्षणं वाढवून सांगतात असं निरीक्षण असल्यामुळे भोरची पाळी आता महिन्यातून एकदा. डॉक्टरांनी ते पत्र मला वाचायला दिलं. "आधी आम्ही बरे होतो म्हणून मेलो," ते म्हणाले. "आता आजारी आहोत म्हणून मरू."

पुढे पाळी तीन महिन्यांवर गेली, मग एका पावसाळ्यात वीज पडून लाईन गेली आणि ती दुरुस्त करायची कुणाची यावर पत्रव्यवहार सुरू झाला. संस्थेला दुसऱ्या जिल्ह्यात उद्घाटनं होती. डॉक्टर रोज वर बसत, पेशंट तपासत, चिठ्ठ्याही लिहीत, पण त्या चिठ्ठ्या ओळखणारे पुण्यातले डॉक्टर एव्हाना निवृत्त झाले होते. माझ्याशी ते कमी बोलू लागले. मी एकदा म्हटलं, "तुमचा हेतू चांगला होता." ते म्हणाले, "हेतू कुणाचा वाईट होता, सांगा. मंत्र्याचा? त्या तज्ज्ञाचा? सोनाच्या सासूचा? कुणाचाच नाही. एक तरी माणूस वाईट निघाला असता तर मला झोप लागली असती."

काही वर्षांनी, एका शुक्रवारी दुपारी डॉक्टर नमाजाहून येऊन खुर्चीत बसले ते उठले नाहीत. मुलगा पुण्याहून आला तोवर बाजारपेठ बंद झाली होती. नदीकडच्या कब्रस्तानात पाण्यापलीकडच्या गावांतलीही माणसं होती. बबन मुलीला घेऊन आला होता. माती देऊन झाल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, आता हितं कोन बसनार?" डॉक्टरांचा मुलगा कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. मी बबनला सांगितलं, बघू.

शोकसभा आमच्या शाळेच्या सभागृहात झाली. शाळेत नुकतंच ब्रॉडबँड आलं होतं, तेव्हा पुण्याचे तज्ज्ञ पडद्यावरूनच श्रद्धांजली वाहतील असं अध्यक्षांनी ठरवलं. डॉक्टरांच्या कार्याला हीच खरी मानवंदना, असं ते प्रास्ताविकात म्हणाले. खालच्या गाळ्यातलं यंत्र पुसून आणलं. त्याच्या यूपीएसची बॅटरी केव्हाच बसली होती, पण ती आता कोण बघतो. दोन माजी सभापती बोलले. दोघांनीही डॉक्टरांना दीपस्तंभ म्हटलं. मग पडदा उजळला. तज्ज्ञ बरेच म्हातारे झाले होते. ते लिहून आणलेलं वाचणार होते, पण कागद बाजूला ठेवून म्हणाले, "डॉक्टर रशीद यांनी एकदा मला एक पेशंट दाखवली होती. जिना चढवून आणतो म्हणाले. मी त्या दिवसाचा पुष्कळदा विचार केला आहे. मला आज भोरच्या लोकांना एवढंच सांगायचं आहे की तेव्हा मी..."

आणि लाईट गेली. त्या वर्षी आमच्याकडे भारनियमन होतं आणि वेळापत्रक सभागृहाच्या दाराबाहेरच लावलेलं होतं.

पुढच्या ओळीत बबन मान वर करून काळ्या पडद्याकडे बघत होता. अध्यक्ष प्रसंगावधानी होते. ते उभे राहिले आणि दोन मिनिटं शांतता पाळण्याचं आवाहन त्यांनी केलं. शांतता चांगली पाळली गेली. लाईट संध्याकाळी आली, तोवर सतरंज्या गुंडाळून टेम्पोत चढवल्या होत्या.